माझ्या आखूड पायाखालचा कागद

मी एक जुना बाक आहे. अनाथ आणि सोपवलेल्या लेकरांचं बरंवाईट ठरवणारी समिती जालन्यात जिथे बसते, त्या कचेरीच्या व्हरांड्यात माझा मुक्काम असतो. माझा मागचा डावा पाय दोन बोटं आखूड आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या पायामुळेच घडलं.

मित्रांनो, जुन्या जालन्यातल्या एका सुताराने मला बाभळीच्या फळ्यांतून घडवलं. काम संपल्यावर तो माझ्यावर पाय सोडून बसला, बिडी पेटवली आणि म्हणाला, "असा बाक बिलकुल होणार न्हाई दुसरा." एवढी स्तुती पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही. पंचवीस वर्षं मी एका खेड्यातल्या शाळेत काढली. पोरांनी कर्कटकाच्या टोकाने माझ्या अंगावर नावं कोरली, त्याचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते गळक्या पत्र्याखाली मला तसंच भिजत ठेवलं त्याचं. पाय कुजला. कुणीतरी कुजका तुकडा कापून टाकला आणि मला सरकारी सामानात इथे पाठवून दिलं.

इथला शिपाई राधेश्याम. माणूस वाईट नाही, पण आळशी. मी डुगडुगतो म्हणून लोक कुरकुरायला लागले, तेव्हा त्याने भिंतीवरून गळून पडलेला एक छापील कागद उचलला, आठ घड्या घातल्या आणि माझ्या पायाखाली सारला. काय छापलंय ते त्याने पाहिलं नाही. मला वाचता येत नाही, त्यामुळे मीही खुशाल त्यावर टेकून राहिलो.

श्रावण लागला त्या दिवशी राजनंदिनी नावाची मुलगी माझ्यावर येऊन बसली. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली, आठवड्याभराची तान्ही मुलगी होती. शेजारी राजनंदिनीची आई, पुष्पाबाई. राजनंदिनी एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात निवडायला जायची. जवळच्या लोखंडाच्या मिलमध्ये ओमप्रकाश कामाला होता. दोघांचं जमलं होतं, लग्न मात्र झालेलं नव्हतं. तो मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला, ही शेतीवाल्या मोठ्या घरातली. दिवस गेल्याचं कळताच घरच्यांनी तिचा फोन काढून घेतला आणि बाळंत होईपर्यंत तिला मावशीकडे नेऊन ठेवलं. ओमप्रकाशला मूल झाल्याचासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

राजनंदिनी आत गेली तेव्हा लेकरू तिच्या हातात होतं. बाहेर आली तेव्हा हात रिकामे होते. ती पुन्हा माझ्यावर बसली आणि पायाच्या अंगठ्याने तो घडी घातलेला कागद नुसता टोकरत राहिली. पुष्पाबाई म्हणाली, "सही झाली, विषय संपला. चल आता." माझ्या लाकडाला पाझर फुटला असता तर त्या दिवशी फुटला असता.

ओमप्रकाशला खबर लागली ती भाद्रपदात, कारखान्यातल्या बेबीनंदाकडून. तो मिलमधून तसाच, काळ्या हातांनी आला. समितीचं काम पाहणाऱ्या अर्पितामॅडम दारातच होत्या.

"मॅडम, ती माझी पोरगी हाय. मला कुणी विचारलंच न्हाई."

"लग्न झालेलं नसलं की आईची एकटीची सही पुरते," मॅडम म्हणाल्या. "बापाची सही मागतच नाहीत."

"मंग मी कोण तिचा?"

मॅडम दारातून बाहेर आल्या. मग त्यांनी त्याला माझ्यावर बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. त्याने अर्ज द्यावा, समिती त्याचं ऐकून घेईल, रक्ताची तपासणीही सांगेल. पण दत्तक थांबवायचा भरवशाचा रस्ता एकच होता. सही केल्यापासून साठ दिवसांच्या आत राजनंदिनीने स्वतः येऊन लेकरू परत मागायचं. "बेचाळीस दिवस गेलेत," त्या म्हणाल्या. "अठरा राहिले. तिला घेऊन या." त्याने माझ्याच पाठीवर कागद ठेवून अर्ज खरडला आणि धावत गेला.

मी रोज वाट पाहत होतो. दोघं आज येतील, उद्या येतील. आठवडा गेला, दुसरा गेला. कुणी फिरकलं नाही. मला त्या पोराचा भयंकर राग आला.

खरं कारण कळलं ते घट बसले त्या दिवशी. व्हरांड्यात अख्खी भावकी उतरली. पुढे ओमप्रकाशचा बाप म्हस्कूआबा, डोक्याला नवा फेटा, हातात पिशवी, पिशवीत लाल कुंची आणि काळ्या मण्यांच्या मनगट्या. म्हाताऱ्याचा हिशेब असा होता: श्रावणाच्या पहिल्या दिवशी लेकरू दिलं, म्हणजे भाद्रपद सरला की दोन महिने, घट बसेपर्यंत वेळ आहेच. मधे पितरांचा पंधरवडा. त्यात वच्छलाबाईचं, म्हणजे ओमप्रकाशच्या वारलेल्या आईचं, पहिलंच पान. अशा दिवसांत नातीला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. घट बसले की वाजतगाजत आणू. आईचं नाव निघाल्यावर ओमप्रकाशनेही हट्ट सोडला.

मॅडम बाहेर आल्या. सगळ्यांकडे पाहून विचारलं, "मुलीची आई कुठे आहे?"

म्हस्कूआबा म्हणाले, "बाप आल्ला हाय, आज्जा आल्ला हाय, भावकी आल्ली हाय. आणखी कोण लागतंय?"

"आई लागते."

मॅडमनी बोटांवर दिवस मोजले.

"आज एकोणसाठावा दिवस आहे, आबा. उद्या संध्याकाळी पाच वाजता मुदत संपते. मग लेकरू दत्तक द्यायला मोकळं होतं."

म्हातारा मट्कन माझ्यावर बसला. ओमप्रकाश त्याच्या शेजारी. "आबा, म्या म्हन्लो होतो, आधी तिला गाठू. तुम्ही पितरं धरून बसलात." म्हाताऱ्याने फेटा काढून मांडीवर ठेवला. राजनंदिनीचा फोन बंद, तिच्या गावात ह्याला कुणी शिरू देणार नाही, आणि सही झाली म्हणजे सगळं संपलं असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. पोराचा पाय थरथरायला लागला. त्याच्यासोबत मी डुगडुगायला लागलो. डुगडुगता डुगडुगता पायाखालची घडी निसटली आणि पुढे आली.

त्याने ती उचलली. उगीच, हाताला चाळा म्हणून उलगडली. आणि मोठ्याने वाचलं: बाळ सोपवल्यावर विचार बदलला, तर साठ दिवसांच्या आत ते परत मागता येतं.

मित्रांनो, इतकी वर्षं मी कशावर उभा होतो ते मला तेव्हा कळलं. मला स्वतःची लाज वाटली.

ओमप्रकाशने त्या चुरगळलेल्या कागदाचा फोटो काढून बेबीनंदाला पाठवला. ती राजनंदिनीच्याच गावची. "नुसतं सांगू नको, हे दाखव तिला," तो फोनवर म्हणाला. "उद्या पाचच्या आत."

दुसऱ्या दिवशी बापलेक दहापासून बसून होते. म्हातारा नवरात्रामुळे अनवाणी, उपाशी. बारा वाजले. दोन वाजले. चारला मॅडम बाहेर येऊन रस्त्याकडे पाहून गेल्या. साडेचारला बेबीनंदाचा फोनही लागेना. राधेश्याम किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरायला लागला, आणि त्या किल्ल्यांचा आवाज मला सहन होईना. म्हस्कूआबा पुटपुटले, "वच्छले, माझं चुकलं." पोराने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फाटकातून दोघी धावत आल्या. राजनंदिनी घरी अंबडच्या मत्स्योदरी देवीची ओटी भरायला जाते म्हणून निघाली होती. अंबडपर्यंत बेबीनंदाबरोबर गेली, आणि देवीच्या पायऱ्या चढायच्या सोडून जालन्याची एसटी धरायला वळली. जत्रेच्या गर्दीत तीन गाड्या भरून गेल्या, चौथी मिळाली.

म्हातारा उठून उभा राहिला, माझ्यावरची जागा झटकली आणि म्हणाला, "बस पोरी, दम खा."

"बसायला टाइम न्हाई, आबा," ती म्हणाली. दारात क्षणभर वळून ओमप्रकाशला म्हणाली, "त्या दिवशी आत मला वाचून दाखवलं असंल. पर कानात काही शिरलंच न्हाई रे." आणि आत गेली.

लेकरू लगेच मिळालं नाही. चौकशी झाली, तपासणी झाली, मधे दोघांनी रजिस्टर लग्न केलं. कार्तिकात एका दुपारी ती मुलगी माझ्यावर ठेवली. कुंची डोक्याला बसेना, मनगट्या हातात जाईनात. म्हातारा हसता हसता रडला. माझ्यावर आजवर खूप वजनं बसली, पण त्या साडेतीन महिन्यांच्या पोरीइतकं जपून मी कुणालाच धरलं नाही.

पण मित्रांनो, एकसष्टाव्या दिवशी आलेले बापही मी पाहिलेत. ते रडत नाहीत. नुसते बसून राहतात, कचेरी बंद झाली तरी. ते उठून गेल्यावर रात्रभर मला त्यांचं ओझं जाणवतं.

आणि तो कागद? ओमप्रकाश त्या गडबडीत खालीच विसरला. सकाळी झाडताना राधेश्यामला सापडला. त्याने आठ घड्या घातल्या आणि पुन्हा माझ्या पायाखाली सारला. आज मी त्याच्यावरच उभा आहे.

मला रंग नको, पॉलिश नको. तुमच्यापैकी कुणी या व्हरांड्यात आलं, तर एवढंच करा: खाली वाका, तो कागद काढा आणि भिंतीवर लावा. मला डुगडुगू द्या.