आतून कडी नाही

ज्ञानेश्वरने शेवटचा स्क्रू पिळून काढला आणि न्हाणीघराच्या दाराची कडी त्याच्या तळहातावर आली. लाकडावर तिच्या जागी एक फिकट पट्टा उरला, वर्षानुवर्षे ऊन न लागलेल्या कातडीसारखा. मागे देवकी उभी होती. काखेत धुवट लुगडे, हातात तांब्या.

"कडी काडलीस, ज्ञानू?"

"काढावी लागते, आजी. नवा नियम आलाय. बाहेरून ढकललं की दार उघडलं पाहिजे."

"कुनी ढकलायचा?"

त्याला हसू आले, पण ते ओठांवरच विरले. "नथूबाबांचं काय झालं, बघितलंत ना?"

ते सर्वांनीच पाहिले होते. माघात नथूबाबा आत पडले आणि दाराला आतून कडी होती. पहारीने दार फुटेपर्यंत आत नळ वाहत राहिला होता. शेणव्याच्या रस्त्यालगतच्या त्या वृद्धाश्रमाचा ज्ञानेश्वर व्यवस्थापक होता. पाणी वाहण्याचा तो आवाज अजून त्याच्या झोपेत येई. नियम योग्य होता, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"नेम बरा हाय," देवकी म्हणाली. "पन आत बाई हाय का बाप्या, ता कसा कळल?"

"दार वाजवायचं."

"आन् आतल्या बाईनं काय करायचा? वल्या अंगानं बाप्यांशी बोलायचा?"

तो स्क्रू वेचू लागला.

दुसऱ्या दिवशी दारावर देवकीचे लुगडे लटकलेले त्याला दिसले. अर्धे आत, अर्धे बाहेर. हिरवे, लाल काठाचे. तो जागीच थांबला. मुरबाडकडच्या त्याच्या गावी घरामागे कारवीच्या कुडाची न्हाणी होती, तिला दारच नव्हते. कुडावर आईचे लुगडे पडले, की वडील गोठ्यापाशीच खाकरून मागे वळत. हे कुणी कुणाला शिकवले नव्हते, सांगितले नव्हते. ज्ञानेश्वर तसाच मागे वळला. त्या दिवशी त्याला कितीतरी काळाने हलके वाटले.

आश्रमातल्या डोळखांबकडच्या म्हाताऱ्यांनाही ही खूण नवी नव्हती. महादू तर न्हाणीघराकडे निघाला, की व्हरांड्याच्या टोकापासूनच घसा साफ करू लागे.

"किती खाकरतंस रे महादू?" देवकी बाहेर आल्यावर त्याला म्हणे. "दमा झाला का?"

"तुज्यासाठी घसा फाडतंय गो, आन् वर तुजाच बोल खातंय."

"मग फाड. तेवडाच काम हाय तुला."

आश्रमात न्हाणीघर ते एकच होते. नियमाला बायकांचे वेगळे हवे होते आणि विश्वस्तांपाशी त्यासाठी उत्तर होते रंगाचा डबा. या दारावर 'पुरुष' अशी अक्षरे आली. शेजारच्या तांदळाच्या कोठीवर 'स्त्रिया', खाली कुलूप आणि 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी. अक्षरे ज्ञानेश्वरनेच रंगवली. त्याचे अक्षर सुंदर होते. देवकीला वाचता येत नव्हते. तपासणीत मंजुरी मिळाली नाही आणि आश्रम बंद पडला तर ही माणसे कुठे जातील, असे विश्वस्त म्हणाले होते, आणि रंग वाळेपर्यंत ज्ञानेश्वर स्वतःलाही तेच सांगत होता.

तपासणीचे साहेब दुपारी येणार होते, ते सकाळीच आले. माणूस सभ्य होता. त्याने वाळूच्या लाल बादल्या पाहिल्या, कठडे हलवून पाहिले, जिन्याखालची खाट बाजूला घ्यायला सांगितली. व्हरांड्यातल्या दोरीवरचे धोतर त्याला खटकले.

"कपडे इथे नकोत. पायात अडकून माणूस पडतो."

"हो साहेब."

आणि ते वळणावर आले. 'पुरुष' लिहिलेल्या दारावर हिरवे लुगडे लटकले होते.

पलीकडे अनिता केरसुणी घेऊन उभी होती. आश्रमात म्हाताऱ्यांचे सगळे ती एकटी करी. तिने ज्ञानेश्वरकडे पाहिले. आत बाई आहे, एवढेच त्याला म्हणायचे होते. पण मग साहेब विचारणार होते, बाई या न्हाणीघरात कशी? मग कुलूप, मग कोठी. तो पुढे झाला. त्याने लुगडे ओढून हातावर घेतले.

"वाळत घातलंय कुणीतरी. किती सांगितलं तरी ऐकत नाहीत."

आतला पाण्याचा आवाज थांबला.

व्हरांड्यात बाकावर बसलेला महादू खाकरला. पुन्हा खाकरला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांबाला धरून, खाकरतच राहिला.

"यांना एकदा दवाखान्यात दाखवून घ्या," साहेब म्हणाले, आणि त्यांनी दोन बोटांनी दार ढकलले.

दार अगदी अलगद उघडले.

देवकी ओरडली नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले, फक्त तोंड.

"अरे! कोणीतरी आहे आत." साहेबांनी स्वतःच दार ओढून घेतले. त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले होते. त्यानंतर त्यांनी काहीच विचारले नाही. शेजारच्या कुलपाकडे त्यांची नजर गेली नाही, दारावरच्या अक्षरांकडेही गेली नाही. उरलेली तपासणी त्यांनी उभ्या उभ्या उरकली, चहा नको म्हणाले आणि त्यांची जीप कसाऱ्याच्या दिशेने निघून गेली.

लुगडे अजून ज्ञानेश्वरच्या हातावर होते. अनिताने ते त्याच्याकडे न पाहता उचलले.

"तिला काय सांगू?"

"साहेब घाईत होते, म्हणावं."

"आन् तुमी?"

पुढल्या आठवड्यात मंजुरी आली. सगळे नियमांत बसले होते. विश्वस्तांनी पेढे पाठवले. देवकीच्या उशाशी ठेवलेल्या पेढ्याला मुंग्या लागल्या, तेव्हा अनिताने तो उचलून बाहेर टाकला. देवकी अंघोळीला जात नव्हती. खाटेवर बसून राही, कुणी ताट पुढे केले तर जेवे. ज्ञानेश्वरने शहापूरच्या बाजारातून जाड कापडाचा पडदा आणला आणि न्हाणीघराच्या चौकटीला लावला. तो लावताना महादू बाकावरून पाहत होता. खाकरला मात्र नाही.

मग एके सकाळी, सगळे व्हरांड्यात चहा घेत असताना, देवकी उठली. तिने तांब्या घेतला. सर्वांच्या समोरून चालत न्हाणीघरात गेली. पडदा तिने एका बाजूला सारून खिळ्याला अडकवला. दार भिंतीला टेकेपर्यंत उघडले आणि तसेच सोडले. थोड्या वेळाने तांब्याने अंगावर घेतलेल्या पाण्याचा आवाज आला.

ज्ञानेश्वर धावत गेला, चौकटीपाशी थबकला, मान फिरवून चाचपत दाराचा काठ शोधू लागला.

"आजी, दार लावू द्या."

"ऱ्हाऊ दे, साहेब."

न्हाणीघरातून तिचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. तो शांत होता.

"आता ढकलायला पन नको कुनी."

व्हरांड्यात महादूने कप खाली ठेवला. तो बाकावरून उठला आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याच्या शेजारी बसलेला म्हातारा वाळू उठला. मग एकेक करून बाकीचे. कुणी काठीवर रेलून, कुणी खांबाला धरून.

ज्ञानेश्वर दाराचा काठ धरून मध्येच उभा राहिला. एका बाजूला ते उघडे दार, दुसऱ्या बाजूला त्या सगळ्या पाठी.