धावपट्टीवरचा झोळणा

मित्रांनो, यवतमाळच्या धावपट्टीशेजारी खांबावर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा जो लांबट झोळणा लटकतो ना, तो मी. पुस्तकात मला विंडसॉक म्हणतात. इथले लोक आपलं सरळ झोळणाच म्हणतात, आणि खरं सांगू, मलाही तेच आवडतं.

कारखान्यात मला शिवलं तेव्हा माझी दोन्ही तोंडं उघडी ठेवली. मोठ्या तोंडातून वारा शिरतो, मी फुगतो आणि वारा जिकडे चालला तिकडे माझं शेपूट जातं. विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उतरावं लागतं. पाठीशी जोराचा वारा असला की चाकं टेकली तरी ते लवकर थांबत नाही. म्हणून वैमानिक आधी मला बघतात. शेजारच्या शेतात तूर उपणणाऱ्या बायाही मलाच बघतात. त्यांच्यातली हंसाबाई म्हणते, "झोळण्याकडं पाहून उभं राह्यलं का भुसा डोयात जात नाही." हे ऐकलं की मी उगाच जरा जास्त फुगतो.

हंसाबाईचा नवरा देवराव इथला चौकीदार. मागच्या वर्षी गारपिटीत माझं शेपूट फाटलं. नवा झोळणा काही लवकर आला नाही, शेवटी हंसाबाईनंच मला ठिगळ लावलं. तेव्हापासून देवराव मला तळहाताच्या फोडासारखं जपतो.

परवा दुपारी लोहारा गावाकडून काळंकुट्ट आभाळ उठलं. वारा पडला होता. देवरावनं घाईघाईनं शिडी लावली, माझं शेपूट सुतळीनं खांबाला बांधलं आणि निश्चिंत होऊन चहा घ्यायला गेला. पावसाआधी कापसावर ताडपत्री टाकतात, तसंच त्याला वाटलं असेल.

नेमकी तेव्हाच सुरभी परतत होती. शिकाऊ पोरगी, विमानात एकटीच. धावपट्टीजवळच्या काचेच्या खोलीतून तिला शिकवणाऱ्या मोनाली मॅडम रेडिओवर तिच्याशी बोलत होत्या. तेवढ्यात वीज गेली. रेडिओ बॅटरीवर चालू राहिला, पण वारा मोजणारं यंत्र बंद पडलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. वादळाच्या पुढचा वारा आता सुटला होता, माझ्या तोंडात शिरत होता, पण बांधलेला मी करणार काय? मान खाली घालून लटकत राहिलो. माझा जीव नुसता कासावीस झाला.

"वारा शांत आहे सुरभी, ये खाली," मॅडम म्हणाल्या.

खिडकीखाली चहा पिणाऱ्या देवरावनं ते ऐकलं आणि त्याच्या हातातला कपच सुटला.

"मॅडम, तिले थांबवा. झोळणा म्या बांधून ठेवला."

"सुरभी, उतरू नको. वर जा, वर जा."

चाकं टेकायच्या बेतात असलेलं विमान घरघरत पुन्हा वर चढलं. देवराव विळा घेऊन धावत शिडीवर आला, सुतळी कापली आणि मी फाडकन उलगडलो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि सुरभीला दुसऱ्या टोकानं यायला सांगितलं. ती अलगद उतरली. हुश्श! विमान आत घेतलं आणि टपाटप गारा सुरू झाल्या.

देवरावचे डोळे भरून आले होते. "मले वाटलं, थो फाटन."

सुरभी हसली. "फाटू द्या काका. आपण शिवू. पण मोकळा ठेवा त्याला."

त्या गारांत मी फाटलोच. आता माझ्या शेपटाला हंसाबाईच्या लुगड्याचं हिरवं ठिगळ आहे. मित्रांनो, मला जरूर जपा, पण बांधून नका जपू. वरून कुणीतरी माझ्या भरवशावर खाली येत असतं.