बोर्डावरचं ‘फास्ट’

किन्हवलीच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागल्यापासून स्नेहलला एक गोष्ट पटली होती. अतिशहाण्याचा बैल रिकामा असतो, आणि बैल नसला तर त्याचा कॉम्प्युटर.

क्लासचा मालक साईनाथ. मुरबाडच्या क्लासवाल्याने नवे कॉम्प्युटर आणले, तर ह्या दीडशहाण्याने कुठल्याशा मासिकात वाचून आपल्या जुन्या डबड्याच्या प्रोसेसरचा स्पीड सेटिंगमध्ये जाऊन वाढवला, आणि बाहेर बोर्डावर लाल रंगात ‘फास्ट’ असं रंगवून घेतलं. तेव्हापासून कॉम्प्युटर तव्यासारखा तापायचा आणि पोरांनी चार ओळी टाइप केल्या की बंद पडायचा.

‘स्पीड होता तेवढा करा’ हे सांगून सांगून स्नेहलच्या तोंडाला फेस आला. पण साईनाथने आधी लाइटला दोष दिला, मग व्हायरसला, मग पोरांच्या हातांना. शेवटी त्याने कॉम्प्युटरपुढे नारळ फोडला. तो खोबरं वाटायला बाहेर गेला, तेवढ्यात तिने स्पीड पूर्वीइतका करून टाकला.

त्या दिवशी कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. साईनाथ पोरांच्या आईबापांना बोलावून ऐटीत म्हणाला, “बघा, नारळ पावला! आता कसा फास्ट पळतोय!”

“सर, स्पीड मी उतरवलाय,” स्नेहल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

साईनाथचा चेहरा उतरला. “हळू गो, हळू!”

“हळू केलाय, म्हणूनच चालतोय.”