शिवलेला डबा

ताई चोरून लोणी खाते, याबद्दल धाकटीच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेली बाई ती. माणूस खोटं बोलेल, रक्त खोटं बोलत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. तेल कमी केलं, साय बंद केली, गोळी सुरू केली, तरी ताईचं कोलेस्टेरॉल दोनशे नव्वदवरून तीनशे अठरावर गेलं. याला काय म्हणायचं?

"खरं सांग, माझ्यामागे काय काय तोंडात टाकतेस?" धाकटीनं रिपोर्ट ताईच्या शिलाई मशीनवर आपटला.

ताई आधी नाही नाही म्हणाली. मग रिपोर्टवरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचून म्हणाली, "खात असेन गं."

झालं. चोरी कबूल. धाकटी पाच दिवस कामापुरतंच बोलली. आई गेल्यावर याच ताईनं लोकांचे कपडे शिवून तिला शिकवलं होतं, लग्नाचं नावही काढलं नव्हतं. ते आठवलं की राग निवायच्या ऐवजी वाढायचा. हिचं काळीज बंद पडलं तर मला दुसरं आहे कोण, ही त्या रागाखालची भीती होती.

सहाव्या दिवशी तिनं ताईच्या डॉक्टरीणबाईंना फोनवर आकडा सांगितला.

"आणि थायरॉइड?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं जीभ चावली. बाईंनी सगळ्या तपासण्या सांगितल्या होत्या. फॉर्म भरताना हिनंच फक्त चरबीपुढे खूण केली होती. घरचं माणूस, रोग माहीत असलेला, उगाच बाकीचं कशाला? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"त्यांना थंडी वाजते का?"

"भर उन्हात स्वेटर घालते. मला वाटलं, वय झालं."

"आवाज?"

"घोगरा झालाय. पायही दुखतात, मशीन चालववत नाही म्हणते." बोलता बोलता धाकटीचाच आवाज खाली गेला. परक्या बाईनं काउंटरवर येऊन एवढं सांगितलं असतं, तर तिनं झोपेतसुद्धा ओळखलं असतं.

उरलेलं रक्त सात दिवस फ्रीजमध्ये ठेवायची तिथली शिस्त होती. ताईची नळी अजून तिथेच होती. धाकटीनं ती यंत्रात लावली आणि शेजारी उभी राहिली. थायरॉइडचा जो आकडा साडेचारच्या आत हवा, तो ब्याण्णव आला.

"गळ्यातली ती ग्रंथी मंदावली की यकृतही मंदावतं," पुन्हा फोन केल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तातली चरबी उचलायचं काम त्याचं, तेच होत नाही. माणूस उपाशी राहिलं तरी आकडा चढतो. चरबीची गोळी तूर्त थांबवा, अशात तिनंही पाय दुखतात. उद्या सकाळी त्यांना घेऊन या."

चोर सोडून संन्याशाला फाशी. धाकटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली.

ताई स्वेटर घालून मशीनपाशी बसली होती, काम पुढ्यात तसंच. धाकटीला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून ती आधी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. फडताळात लोण्याचा डबा दिसला. त्याला जाड कापडाची पिशवी चढवून तिचं तोंड बारीक टाक्यांनी शिवून टाकलं होतं. ती डबा घेऊन बाहेर आली.

"हे काय गं?"

ताई ओशाळली. "तू म्हणालीस ना, रक्त खोटं बोलत नाही. मला तर खाल्ल्याचं आठवत नाही. हल्ली बरंच काही आठवत नाही. म्हटलं, झोपेत उठून खात असेन. म्हणून शिवला. रोज सकाळी टाके मोजते."

"मग?"

"बत्तीस घातले होते, बत्तीसच आहेत." ताई डब्याकडे बघत राहिली. "तरी वाटतं, खाऊन मीच पुन्हा शिवत असेन."

धाकटीला रडू आवरेना. ती ताईच्या पायाशी बसली. "तू नाही खाल्लंस, ताई. आजार आहे तो, औषधानं बरा होतो. मीच रक्त नीट तपासलं नाही."

"नक्की? रक्तातच दिसलं तसं?"

"रक्तातच दिसलं."

ताईनं कात्री तिच्या हातात दिली. "मग तूच उसव. माझी बोटं आखडतात."

धाकटीनं एकेक टाका कापला आणि झाकण उघडलं. लोणी वरून वाळून पिवळं पडलं होतं, बोट कुठेच लागलेलं नव्हतं. ताई वाकून ते कितीतरी वेळ बघत होती.