आणखी एक पाणी

वजडी साफ करण्यात मावशींचा हात धरणारं त्या बाजारात कोणी नव्हतं, आणि हे सगळ्यांत आधी सांगणाऱ्या मावशीच असत. बकऱ्याचं ते खरबरीत पोट गरम पाण्यातून काढून त्या सुरीने असं खरवडत, की धुतलेल्या टॉवेलसारखं पांढरं निघे. त्यातला पुस्तकासारखा भाग तर पान पान उलटून धूत. "घाई करणाऱ्याची दोन पानं चिकटलेलीच राहतात," हे त्या आपल्या खानावळीत येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

सूनबाईचं मात्र वजडीशी वाकडं. परात दिसली की नाकाला रुमाल.

"हिच्या नाकाचे चोचले!" मावशी म्हणत. "ही चालवणार खानावळ? कपाळ माझं!"

मावशींनी एक गोष्ट मात्र कोणालाच कळू दिली नव्हती. तीन महिन्यांपूर्वीच्या तापात त्यांना वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. आणि वजडी नीट निघाली की नाही, हे शेवटी नाकच सांगतं. पण तीन महिन्यांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. आता आपल्या बोटांनाच सगळं कळतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

त्या सकाळी ऐंशी माणसांच्या जेवणाची ऑर्डर होती, आणि सूनबाई चार दिवसांसाठी बहिणीकडे निघाली होती. मावशींनी परात चुलीकडे उचलली, तशी ती बॅग घेऊन दारातच थबकली.

"आई, थांबा जरा."

तिने रुमाल बाजूला केला, परातीवर वाकली आणि चांगला खोल श्वास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणखी एक पाणी लागेल. या कडेचे तुकडे."

मावशी कडाडणारच होत्या, पण हात आधी परातीत गेला. कडेच्या तुकड्यात दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली होती.

"तुला कधी कळलं गं?" मावशींनी हळूच विचारलं.

"फोडणी करपली त्या दिवशी. तुम्ही धूर दिसल्यावर धावलात."

"म्हणजे तीन महिने..."

"तुम्ही मसाला वाटायला गेलात की मी वास घेऊन परत धुवायचे. आज निघायच्या गडबडीत राहिलं."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दोघींनी मिळून सगळी वजडी पुन्हा धुतली. सूनबाईने तीनदा वास घेतला, मगच वजडी चुलीवर चढली.

"आई, मला अजून शिसारी येतेच हो."

"येऊ दे. तिच्यावरच तर खानावळ चालली."

सून बॅग उचलून निघाली. मावशींनी खडू घेतला आणि रस्त्यावरून दिसेल अशा मोठ्या अक्षरांत दाराच्या पाटीवर लिहिलं: 'उद्यापासून चार दिवस वजडी बंद. सूनबाई बाहेरगावी आहेत.'