मनातला स्वल्पविराम

सातवीच्या दोन तुकड्या होणार होत्या. कोण कुठे, ते इंग्रजीच्या बाई प्रत्येकीचं वाचन ऐकून ठरवणार होत्या. चिमणी अडखळत वाचायची. तिची जिवाभावाची मैत्रीण धडाधड वाचायची. ती पहिल्या तुकडीत जाणार, हे सगळे धरूनच चालले होते. चिमणीला तुकडीचं काही पडलेलं नव्हतं, तिला फक्त मैत्रिणीशेजारची जागा हवी होती.

म्हणून तिने आत्याला गाठलं. आत्या टायपिंगच्या क्लासात मजकूर सांगायची आणि मुली टाइप करायच्या. त्याच सवयीने हरवलेल्या कुत्र्याचा इंग्रजी धडा आत्याने चिमणीकडून घोटून घेतला.

वर्गात चिमणी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "द ओल्ड मॅन कॉल्ड कॉमा बट द डॉग डिड नॉट कम फुलस्टॉप."

वर्गात हशा पिकला. मैत्रीण तर हसून हसून डोळे पुसत होती. चिमणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. "हे कोणी शिकवलं गं?"

"आत्याने. ती असंच सांगते, म्हणजे टाइप करताना एकही चिन्ह राहत नाही."

"अस्सं! मग पुन्हा वाच. पण चिन्हं मनातल्या मनात म्हण."

चिमणीने वाचलं. मनात 'कॉमा' म्हणेपर्यंत जीभ जराशी थांबायची, 'फुलस्टॉप'ला थोडी जास्त. आणि काय गंमत, म्हाताऱ्याची हाक खरोखर ऐकू यायला लागली! मागच्या बाकावरच्या मुलीही कान टवकारून बसल्या. एवढंसं टिंब इतकं काम कसं करतं, हा प्रश्न चिमणीला पहिल्यांदाच पडला.

पुढचं पान मैत्रिणीच्या वाट्याला आलं. तिने ते एका दमात संपवलं आणि ऐटीत बाईंकडे पाहिलं.

"मग, कुत्रा सापडला का?" बाईंनी विचारलं.

मैत्रीण गोंधळली. "बाई, परत वाचून सांगू?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी तुकड्या सांगितल्या. चिमणी पहिलीत, मैत्रीण दुसरीत. मुलींनी चिमणीची पाठ थोपटली, पण तिचा चेहरा एवढासा झाला होता. मैत्रीण दप्तर आवरायला लागली तशी चिमणीला राहवेना. ती तडक बाईंच्या टेबलापाशी गेली.

"बाई, दुसऱ्या तुकडीत जायला काय काय चुकवावं लागतं?"