अर्धं की सगळं?

आमच्या घरात कुणाचं डोकं दुखायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असे: "अर्धं की सगळं?" सगळं असेल तर सुंठ उगाळून लावायची आणि गुपचूप कामाला लागायचं. अर्धं असेल तर ती अर्धशिशी. मग खिडक्या बंद, मुलं गल्लीत, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत माझे वडील, अप्पा, स्वतः नया बाजारातून गरम जिलबी आणायचे, दुधात घालून खायला. त्यानं अर्धशिशी उतरते अशी सगळ्या आळीची खात्री. माझी एकदाही उतरली नाही, पण मी ते कधी बोलून दाखवलं नाही. फुकटची जिलबी कोण सोडतो!

खरं सांगायचं तर या दुखण्याचा आम्हाला थोडा तोराच होता. आजोबा दरबारच्या दप्तरात होते, त्यांना ते होतं, आत्याला होतं, मला नवव्या वर्षी लागलं. "ज्याला डोकं आहे त्याचंच दुखणार, लीले," असं अप्पा म्हणायचे. मला ते पटायचं. कपाळ फुटायची वेळ आलेली असतानासुद्धा पटायचं.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं त्या वर्षी मला बायकांच्या एका दवाखान्यात कारकुनाची जागा मिळाली. राजधानी तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. फूलबागेकडून सरकारी दप्तरांचे ट्रक इंदूरकडे निघाले की अप्पा म्हणत, "चला, ग्वाल्हेरची अर्धशिशी सुरू झाली." मी दाराशीच टेबल मांडून बसे. येणाऱ्या बाईला नाव, वय, मोहल्ला विचारायचा आणि काय होतंय ते रजिस्टरात हिंदीत लिहायचं; अर्धशिशी असेल तर आधासीसी. जुन्या डॉक्टरीणबाई माझी ओळ वाचूनच औषध सांगायच्या. म्हणजे निदान माझंच होतं म्हणा ना. तेव्हा हे लक्षात आलं नाही. आलं असतं तर आणखी दोन इंच ताठ बसले असते.

दवाखान्यात मंदाताई आया होत्या. मराठा घरातल्या, कंपूत, म्हणजे जुन्या लष्करी वस्तीत राहायच्या. नवरा सूर्याजीराव संस्थानच्या पलटणीत होता. पलटणी मोडून मोठ्या फौजेत गेल्या तेव्हा तो सुटा झाला आणि घरीच बसला. मिळवत्या त्या एकट्याच. मधूनच एखाद्या दिवशी यायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उतरलेल्या चेहऱ्यानं यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, डोकं उठलं होतं." मी मान डोलवायची आणि हजेरीच्या शेऱ्यात लिहायची: बहाना.

छप्पन साल उजाडलं आणि पुन्हा मोडतोड सुरू झाली. मध्यभारत जाणार, मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला. म्हणजे आमची अर्धी राजधानीही गेली. दिवाळीच्या आधी जबलपूरहून नव्या डॉक्टरीणबाई आल्या. दोन दवाखाने एक करायचे होते आणि दोन आयांपैकी एकच ठेवायची होती. त्यांनी आठ वर्षांची रजिस्टरं मागवून घेतली आणि तीन दिवस वाचली. चौथ्या दिवशी मला बोलावलं.

"लीलाजी, ये आधासीसी क्या सिर्फ दक्षिणी ब्राह्मणों को होती है?"

दक्षिणी म्हणजे आम्ही मराठी. मी म्हटलं, "जी, ज्यादातर. दिमागी काम करने वालों का रोग है."

"अच्छा? तो मुझे क्यों नहीं हुई?"

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. आठ वर्षांत आधासीसी एकशे त्रेचाळीस. त्यातल्या एकशे एकतीस जणी आमच्याच आळ्यांतल्या. हजीऱ्याच्या गिरणीवाल्या मोहल्ल्यांतून तिघी. कंपूतून एकही नाही. "जबलपुर में तो मैंने तांगेवाले की बीवी को भी देखा है," त्या म्हणाल्या आणि दोन्ही आयांचे हजेरीपट नकलून द्यायला सांगितले. सोबत माझाही.

मी धुमसतच टेबलाशी आले. काल आलेली बाई मला ग्वाल्हेर शिकवणार! पण नक्कल करताना दोन कागद शेजारी शेजारी पडले. मंदाताईंच्या गैरहजेऱ्या बावीस, शेरा बहाना. माझ्या चोवीस, शेरा आधासीसी, रजा मंजूर. दोन्हींवर अक्षर एकच, वळणदार. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शंभर वेळा दुसऱ्यांना ऐकवली असेल.

तरीही मनात आलं, माझं खरंच दुखत होतं, तिचं काय माहीत?

तेवढ्यात मंदाताई फडकं आणि बादली घेऊन आत आल्या. बादली खाली ठेवली, भिंतीला टेकल्या आणि डाव्या डोळ्यावर हात धरला. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, घरात निघतं तसं: "अर्धं की सगळं?"

"काय?"

"डोकं. अर्धं दुखतं की सगळं?"

त्यांनी उजवा डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं. "दुखायला अजून टाइम आहे, बाई. पहिले ते करवतीसारखं चमकतं, वाकडंतिकडं. मग अर्धं दिसतच नाही. आत्ता तुमचं अर्धंच तोंड दिसून राहिलंय."

माझ्या हातातला टाक खाली आला. ती करवत माझी होती. नवव्या वर्षापासून मी ती पाहत होते आणि अप्पांनासुद्धा नीट सांगू शकले नव्हते. मला आधी लाज वाटली असं सांगायला आवडेल, पण आधी वाटला तो हेवा. कुणी तरी माझ्या पेटीतला दागिना घालून समोर उभं राहिल्यासारखा. लाज त्याच्या मागून आली, आणि आली ती गेली नाही.

"आठ वर्षांत बोलला नाहीत ते?" मी विचारलं, जणू चूक त्यांचीच.

"बोलले ना. पहिल्याच साली. तुम्ही हसून म्हणालात, सूर्याजीरावांशी भांडण झालं असेल रात्री." त्या खाली बसल्या. "मग मी सोचलं, जाऊ दे. बाई, माझी नोकरी जाणार का? खरं सांगा."

मी म्हटलं, "कागद माझ्या हातात आहे." एवढं बोलून मी त्यांना मलमपट्टीच्या खोलीत नेलं, खिडकी लावली आणि बाकावर निजवलं.

घरी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बहाना खोडून आधासीसी लिही, झालं काम. ओरडून कशाला सांगायचं? आ बैल, मुझे मार!" पण बावीस ठिकाणी खाडाखोड म्हणजे चोरी, पकडली गेली तर मंदाताईंनीच ती करून घेतली असं झालं असतं. नोकरी गेली असती ती त्यांची. शिवाय मला आठवत होत्या हजीऱ्याहून आलेल्या कितीतरी बायका. पदर डोळ्यांवर ओढून बाकावर बसायच्या आणि मी लिहायची: कमजोरी.

सकाळी मी साध्या कागदावर लिहून दिलं. मंदाताईंच्या पटावरचा बहाना हा शेरा माझा आहे, कुठल्याही डॉक्टरचा नाही. आधासीसी आहे का, हे मी आमच्या लोकांना विचारत आले, इतरांना विचारलंच नाही. तेव्हा रजिस्टरातले आकडे रोगाचे नसून माझ्या विचारण्याचे आहेत. खाली सही केली. माझीही नोकरी अजून कायम व्हायची होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. मंदाताईंना बोलावून अर्धा तास तपासलं. मग त्यांच्या पटावर स्वतःच्या अक्षरात रोगाचं नाव लिहिलं आणि त्यांचं नाव ठेवायच्या यादीत घातलं. माझी बदली केली हजीऱ्याच्या एका छोट्या दवाखान्यात. "वहाँ भी दरवाजे पर ही बैठिएगा," त्या म्हणाल्या. आमच्या आळीत चार दिवस सुतक असल्यासारखं वातावरण. दरबारी दप्तरातल्या माणसाची नात गिरणीच्या भोंग्यावर उठणार!

हजीऱ्याला मी प्रत्येकीला विचारलं. "आधा या पूरा?" बायका आधी हसायच्या. मग एखादी डोळ्यावर हात ठेवून म्हणायची, "आधा, बहनजी. आपको कैसे मालूम?" पहिल्या सालाअखेर आकडा झाला दोनशे बारा. वरून पत्र आलं: या भागात हा रोग अचानक का पसरला? विहिरीच्या पाण्याची तपासणी करून कळवावे. मी उत्तर लिहिलं: पाणी तेच आहे. यंदा विचारलं.

पत्राची गंमत सांगायला एका रविवारी मंदाताईंकडे गेले, तर सूर्याजीराव दारातच म्हणाले, "झोपली आहे. सुबह से डोकं धरलंय." मी परत फिरले. सोमवारी अंधारातच उठले, नया बाजारात भट्टीशी उभी राहिले आणि जिलबी आणि दूध घेऊन कंपूत गेले.

खोलीत अंधार होता. मंदाताईंनी डोळे न उघडता एक तुकडा खाल्ला, मग दुसरा.

"यानं उतरतं?"

"माझं तर कधीच उतरलं नाही."

"मग?"

"अप्पा आणायचे."

त्यांनी पाकाची बोटं पदराला पुसली. मग म्हणाल्या, "मला मिरच्यांची धुरी द्यायचे, बाई. दहा वर्षांची होते. बाहेरचं लागलंय म्हणून. डोळे सुजायचे. कुणी जिलबी नाही आणली."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ओला रुमाल त्यांच्या कपाळावर धरून बसले. गिरणीचा भोंगा कंपूत ऐकू येत नाही. ऐकू आला असता तरी मी उठले नसते. दुपारी कधीतरी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आता पूरं तोंड दिसतंय तुमचं."

दुसऱ्या दिवशी मी सोमवारच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: आधासीसी. कुणाची, ते कुणी विचारलं नाही.